बायकोच्या वाटचा समुद्र

आमच्या घरात फॉर्म भरायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न झालं तेव्हापासून. बाकीची किरकोळ खाती, म्हणजे स्वयंपाक, मुलीचं शिक्षण, दोन्हीकडचे नातेवाईक, औषधपाणी आणि दूधवाल्या अण्णांशी कानडीतून हुज्जत, ही बायको बघते. मी मुख्य काम सांभाळतो.

सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं काढल्यावर माणसाला काही सवयी लागतात. मी काळ्या शाईनं, ठळक अक्षरांत लिहितो. रकाना रिकामा सोडत नाही, लागू नसेल तर आडवी रेघ ओढतो. पासपोर्टच्या अर्जात शरीरावरची खूण विचारतात, तिथे लोक कुठला तरी एक तीळ लिहून मोकळे होतात. मी तीन लिहिले होते, एकमेकांपासूनच्या अंतरासकट. खिडकीपलीकडचा अधिकारी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला होता. ते कौतुक होतं असं मी अजूनही धरून चालतो.

फॉर्म भरून झाला की बायको सही करते. न वाचता. अठ्ठावीस वर्षांत तिनं एकही फॉर्म वाचलेला नाही. याला मी विश्वास म्हणायचो.

बायको बंगलोरच्या जे. पी. नगरजवळच्या एका शाळेत बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. प्रयोगशाळेच्या कपाटात तीन बरण्या होत्या. एकीत तारामासा, एकीत समुद्रकाकडी, एकीत काय होतं ते पाणी पिवळं पडल्यामुळे कुणालाच सांगता येत नव्हतं. दर वर्षी जुलैमध्ये ती तारामाशाची बरणी हातात धरून मुलांना सांगायची की हा प्राणी शेकडो बारीक पायांनी चालतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मिस, तुम्ही याला चालताना बघितलंय? ही म्हणाली, नाही. घरी आल्यावर मला हे सांगितलं. मी म्हटलं, मीही कधी अणू बघितलेला नाही. तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं, कारण गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत तिनं पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. तो फॉर्मही मीच भरला.

वय वर्षं त्रेपन्न. बायकांची बॅच सकाळी अकराची. शिकवणारी मुलगी हिच्यापेक्षा निम्म्या वयाची, पण पाण्यात दोन्ही हातांनी हिला आडवं धरून सांगायची, “अक्का, स्वल्प उसिरु बिडि.” थोडा श्वास सोडा. ही श्वास सोडायची नाही, कठडाही सोडायची नाही. महिनाभर ती घरी येऊन नाकातलं पाणी आणि डोळ्यांतलं क्लोरीन याबद्दल बोलायची आणि मी पेपर वाचत ‘अच्छा’ म्हणायचो. पुढे एके दिवशी ती तलावाची पूर्ण लांबी एका दमात पार करून आली आणि घरात कुणाला काही सांगितलंच नाही. मला ते तलावावरच्या पाटील वहिनींकडून कळलं, भाजीच्या दुकानात.

मुलीनं मग आईला निवृत्तीची भेट दिली. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून बोटीनं तास-दीड तासावर एक बेट आहे. तिथल्या खडकांभोवती पाणी स्वच्छ असतं, प्रवाह फार नसतो आणि नवशिक्यांना प्रशिक्षकाबरोबर पाठीवर सिलिंडर लावून खाली नेतात. प्रवाळाला हात लावायचा नाही, काही उचलून आणायचं नाही, असा तिथला नियम. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात चांगलं दिसतं म्हणे. मुलगी आयटीत आहे, तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आईच्या सोबतीला माझंही नाव घातलं. सामान राखायला कुणीतरी हवं होतं.

जायच्या आठ दिवस आधी वैद्यकीय माहितीचा फॉर्म ईमेलनं आला. प्रत्येकी दोन पानं. मी छापून घेतला, कारण पडद्यावर भरलेल्या फॉर्मला वजन नसतं.

पहिला माझा. हृदयविकार? नाही. रक्तदाब? नाही. फिट्स, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया? नाही, नाही, नाही. मला आम्लपित्त आहे, गुडघा आहे, पण त्यांना यातलं काहीच नको होतं. कागदोपत्री मी तरुण निघालो. मग बायकोचा. ती पलीकडे पोळ्या लाटत होती. मी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होतो आणि ती लाटणं न थांबवता ‘नाही’ म्हणत होती. दम्याच्या प्रश्नाशी आलो. तुम्हाला पूर्वी कधीही दमा किंवा धाप लागण्याचा त्रास होता का?

ती म्हणाली, लहानपणी होता थोडा, थंडीत छाती वाजायची. दुसरी-तिसरीत असताना. पुढे गेला तो गेला. नाही लिहा.

फॉर्ममध्ये ‘कधीही’ असं लिहिलं होतं. तीस वर्षं मी असल्या शब्दांवर लोकांचे सुटे भाग परत पाठवले आहेत. मी ‘होय’वर खूण केली. तपशिलाच्या जागेत लिहिलं: वय सहा ते नऊ, हिवाळ्यात, त्यानंतर आजतागायत त्रास नाही, सोबत स्वतंत्र कागद जोडला आहे. आणि खरोखरच एक स्वतंत्र कागद जोडला. त्यात तिच्या आजीनं छातीला चोळलेल्या तेलाचाही उल्लेख होता.

हे मी तिला सांगितलं का? नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. फॉर्म हे माझं खातं. ती पीठ लागलेल्या हातानं आली, पदराला बोटं पुसली आणि सही करून गेली.

मुरुडेश्वरला आम्ही रविवारी सकाळी पोचलो. धक्क्याजवळ एका खोलीत रबरी पोशाख दोरीवर वाळत होते. तिथला मुख्य प्रशिक्षक चाळिशीचा, मिठानं केस तांबूस झालेला, समोर येईल त्याच्याशी कानडी, हिंदी आणि थोडं इंग्रजी एकत्र करून बोलणारा माणूस होता. त्यानं सगळ्यांचे फॉर्म चाळले. माझ्या फॉर्मपाशी थांबला. पुढच्या फॉर्मपाशी जास्त थांबला. स्वतंत्र कागद काढून पूर्ण वाचला. मला म्हणाला, सर, इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण असा फॉर्म कुणी भरला नव्हता. लोक डोळे मिटून नाही-नाही-नाही करतात. मी मान लववली. बायकोकडे बघितलंही, तिनं ऐकलं ना म्हणून.

मग तो बायकोकडे वळून अगदी हळू म्हणाला, “अक्का, आज तुम्हाला खाली नेता येणार नाही. दमा लिहिलाय. डॉक्टरांचं पत्र लागेल.”

तिला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, माझा फॉर्म नसेल तो. त्यानं कागद पुढे केला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बायकोनं मी भरलेला फॉर्म वाचला. सावकाश वाचला, पेपर तपासताना वाचायची तसा. तेलापर्यंत वाचला.

मी मध्येच बोलायला लागलो की पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती, आणि नंतर काही नाही असंही मी स्पष्ट लिहिलंय, दुसरी ओळ बघा. माझ्या आयुष्यातला तो पहिला फॉर्म, ज्याच्याविरुद्ध मी स्वतःच वकिली करत होतो. मुलीला फोन लावला. तिनं ऐकलं, मग म्हणाली, “बाबा, तुम्ही आईच्या आजीचं तेल लिहिलंत?” मग तिनं शहाण्या माणसांचा उपाय सुचवला: कोरा फॉर्म मागा, नव्यानं भरा. फोन स्पीकरवर होता. प्रशिक्षकानं मान हलवली. दम्याच्या माणसाच्या छातीत पाण्याखाली हवा अडकली तर वर येताना काय होतं ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, आणि ती दोन पुरेशी होती. म्हणाला, कागद बदलता येईल, पण आता मला माहीत झालंय. खाली गेल्यावर मी ते विसरू कसा?

मला वाटलं, बायको त्याच्याशी भांडेल. भाजीवाल्याशी ती कोथिंबिरीच्या दोन काड्यांवरून भांडते. पण ती म्हणाली, “सरी, ठीक आहे. तुम्ही बरोबर आहात.” परीक्षेत मुलांना कॉपी करू न देणाऱ्या बाईंचा आवाज होता तो. गावात एक दवाखाना होता, रविवारचा बंद. बोट तासाभरात सुटणार होती.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही जा.”

मी म्हटलं, मला पोहता येत नाही. यावर प्रशिक्षकानं अतिशय आनंदानं सांगितलं की त्याची काहीच गरज नाही. पोहता न येणाऱ्यांनाही आम्ही नेतो, आम्ही धरलेलं असतं. बायकोनं हे ऐकलं. चार महिने क्लोरीन प्यायलेल्या माणसानं हे कसं ऐकलं असेल, ते मी सांगायला नको.

बोटीत ती माझ्यासमोर छत्री घेऊन बसली. समुद्र शांत होता. पोट ढवळून बोट परत फिरवावी लागेल इतकाही हलत नव्हता, मी वाट बघत होतो. बेट जवळ आलं तसं पाणी हिरव्याचं निळं झालं, आणि वरूनच खालचे खडक दिसायला लागले. प्रशिक्षक म्हणाला, असं पाणी वर्षात थोडेच दिवस मिळतं, आज पंधरा मीटरपर्यंत दिसेल. मला त्यानं हे सांगायची काही गरज नव्हती.

तेवढ्यात बायको बोटीत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. मला काय-काय बघायचं ते तिनं सांगितलं. मोरे ईल, म्हणजे सापासारखा मासा, दिसला तर तो तोंड उघडतो-मिटतो, चावायला नव्हे, श्वास घ्यायला, ते बघा. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो, त्याचा कुटकुट आवाज येतो म्हणतात, तो ऐका. तारामासा दिसला तर जरा थांबून बघा, हलतो का. एवढं सांगून ती परत छत्रीत गेली. बावीस वर्षांचा अभ्यासक्रम तिनं तीन वाक्यांत एका ढ विद्यार्थ्याच्या हाती दिला होता.

मला रबरी पोशाखात घालायला दोन माणसं लागली. वजनाचा पट्टा, सिलिंडर, पायांत बदकाचे पंजे. शेवटी डोळ्यांवर काच लावायची वेळ आली आणि प्रशिक्षक म्हणाला, सर, चष्मा काढा.

माझा नंबर उणे सहा आहे. चष्मा काढला की समोरच्या माणसाचा मी आवाजावरून अंदाज घेतो. त्याच्याकडे नंबरची काच नव्हती, तशी आधी सांगून मागवावी लागते. त्यानं विचारलं, हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलं? मी म्हणालो, फॉर्ममध्ये चष्म्याचा प्रश्नच नव्हता.

चष्मा मी बायकोच्या हातात दिला. तिनं तो घेतला, पुसला आणि पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन जोरात ओढली. तेव्हा मला समुद्राची भीती वाटेनाशी झाली. खाली जाणं बरं वाटायला लागलं.

पाण्याखालचं वर्णन लोक फार सुंदर करतात. माझ्यापुरतं सांगायचं तर आधी कान दुखले. नाक दाबून फुंकर मारा असं शिकवलं होतं, मी नाक दाबलं आणि फुंकर मारायला विसरलो. मग श्वास. तोंडानं घ्यायचा आणि तोंडानंच सोडायचा, आणि प्रत्येक वेळी कानाशी हंडाभर पाणी उकळल्यासारखा आवाज. प्रशिक्षकानं मला सिलिंडरच्या मुठीला धरलं होतं. बाजारातून कोंबडी न्यावी तसा तो मला घेऊन चालला होता. दोन मजले खोल गेलो असू. चहूबाजूंना निळं होतं. त्यात एक पिवळं काही सरकलं. मग काळं-पांढरं काही सरकलं. एक मोठं करडं काही सरकलं नाही, तो खडक असावा. कुटकुट ऐकू आलं, पण ते माझे दात असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

प्रशिक्षक बोटानं दाखवायचा, मी मान हलवायचो. पण माझा गोंधळ त्याच्या लक्षात आला असणार, कारण त्यानं कमरेची पांढरी पाटी काढली, पेन्सिलनं काहीतरी लिहिलं आणि माझ्या काचेला चिकटवली. उणे सहा नंबरच्या माणसाला नाकापाशी धरलेली अक्षरं उत्तम दिसतात. पाटीवर लिहिलं होतं: मोरे ईल. मी मोठी मान हलवली. पुढे गेलो. पाटी: पॅरटफिश. पाटी: क्लाउनफिश. पाटी: लायनफिश, लांब राहा. मी लांब राहिलो, कशापासून ते माहीत नव्हतं. पाटी: स्टारफिश. तिथे तो थांबला. त्यानं माझं डोकं धरून खाली केलं, चांगलं मिनिटभर. वाळूच्या रंगावर एक तांबडा डाग होता. तो हलत होता की माझी काच हलत होती, मला सांगता येणार नाही.

वर आलो. दोघांनी ओढून बोटीत घेतलं. मी डोळ्यांवर हात धरून बसलो आणि बायकोनं चष्मा माझ्या नाकावर ठेवला. तिचा चेहरा स्पष्ट झाला. राग नव्हता त्यावर. बक्षीस समारंभात पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांचा असतो तसा झाला होता तो.

मी म्हटलं, ईल बघितला. पॅरटफिश, क्लाउनफिश, लायनफिश. स्टारफिशसुद्धा. क्रमानं सांगितलं.

तिनं विचारलं, ईलचं तोंड उघड-मिट होत होतं? मी म्हटलं, हो. रंग कोणता? मी म्हटलं, ईलचा असतो तसा. तिनं विचारलं, लायनफिशचे काटे वर होते की मिटलेले? मी म्हटलं, मधेच. बाईंना उत्तराची कॉपी कळायला किती वेळ लागतो?

“तारामासा हलला का हो?”

यावर मला खोटं बोलता आलं नाही. मी पाटीचं सगळं सांगितलं. प्रशिक्षक बाजूला आपले पंजे काढत होता, तो खाली मान घालून हसला असावा, त्याचे खांदे हलत होते.

बायको म्हणाली, “म्हणजे तिथे जाऊनही तुम्ही कागदच वाचून आलात.”

बोट किनाऱ्याकडे निघाली. अर्धा रस्ता झाल्यावर ती पुन्हा बोलली, या वेळी पाण्याकडे बघत. “लिहिलंत ते चूक नव्हतं. ‘नाही लिहा’ म्हणाले ते माझं चुकलं. पण लिहिलंय हे मला सांगायचंत. आठ दिवस होते मधे. डॉक्टरकडे जाऊन यंत्रात फुंकून आले असते मी.”

मी म्हटलं, सही तुझीच होती ना. आणि हे वाक्य तोंडातून गेल्या क्षणी मला कळलं की ते मी बोलायला नको होतं. तिनं मान हलवली. “हो. तेही आहे.”

बंगलोरला परतल्यावर चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. पाचव्या दिवशी ती एकटी मेट्रोनं मल्लेश्वरमला छातीच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे तिला एका यंत्रात फुंकायला लावलं, जिने चढायला लावले, परत फुंकायला लावलं. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, काय करता? ही म्हणाली, पोहते. शिक्षिका होते असं म्हणाली नाही, हे मला नंतर बराच वेळ आठवत राहिलं. पत्र घेऊन ती घरी आली. मी हात पुढे केला, फाईलला लावायला. तिनं ते आपल्या पर्समध्ये ठेवलं.

नवा फॉर्म आला तेव्हा मी सवयीनं काळं पेन घेऊन टेबलाशी बसलो होतो. ती समोर बसली, फॉर्म आपल्याकडे ओढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. निळ्या शाईनं भरला. दोन रकाने रिकामे सोडले. मी काही बोललो नाही. पोळ्या त्या दिवशी मी लाटल्या, त्यांच्याबद्दल तीही काही बोलली नाही.

फेब्रुवारीत परत गेलो. तोच प्रशिक्षक, तीच बोट. मी टॉवेल, चहाचा थर्मास आणि आल्याच्या वड्या घेऊन सामान राखायला. समुद्र त्या दिवशी जरा गढूळ होता, प्रशिक्षक म्हणाला, आठ-दहा मीटर दिसेल, मागच्या वेळेसारखं नाही. मी लगेच म्हटलं, मग उद्या जाऊ या का? बायकोनं पत्र आणि फॉर्म त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, रिकाम्या रकान्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि म्हणाला, “बन्नी, अक्का.” या.

ती बोटीच्या काठावर पाठमोरी बसली. एकदा कठडा घट्ट धरला. मग सोडला आणि मागे पडली. फेस विरला, आणि तिथे थोडे बुडबुडे येत राहिले. मी बुडबुडे बघत होतो. ते येत होते तोवर ती श्वास सोडत होती, एवढं मला कळत होतं. मध्ये ते दिसेनासे झाले तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि बोटवाल्यानं मला खाली बसवलं. ते बोटीच्या दुसऱ्या बाजूला गेले होते.

पाऊण तासानं ती वर आली. पोशाख काढताना तिला कुणाची मदत लागली नाही. फळीवर बसली. काचेचा वळ कपाळापासून गालांपर्यंत उमटला होता आणि केसांतून पाणी गळत होतं. माझ्याकडे प्रश्न तयार होते, रस्ताभर मनात लावून ठेवलेले. मी विचारलं, काय दिसलं?

तिनं तळवा वर केला. मुलांना गप्प करायला करायची तसा.

“थांबा हो जरा. मी अजून वर आलेले नाही.”

मग मी टॉवेल धरून बसलो. किनारा येईपर्यंत तिनं तो मागितला नाही.